कागदावरची अश्वशक्ती : पाँटिॲक जीटीओ (१९६४-१९७४) मोटारीच्या इंजिन-तपशिलांचा ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

अमेरिकेतील 'मसल कार' या मोटारप्रकाराचा इतिहास बहुधा अश्वशक्तीच्या आकड्यांच्या आधारे सांगितला जातो. १९६४ ते १९७० हा चढता काळ आणि १९७१ नंतरचा उतरता काळ, अशी त्याची मांडणी रूढ आहे. प्रस्तुत निबंधात पाँटिॲक जीटीओ या मोटारीच्या मूळ इंजिनाचे तपशील आणि त्या इंजिनात केल्या जाणाऱ्या साध्या सुधारणा यांचा एकत्रित विचार करून अश्वशक्तीच्या छापील आकड्याची साधन म्हणून चिकित्सा केली आहे. हा आकडा केवळ यंत्राचे मोजमाप नव्हता. कंपनीचे अंतर्गत धोरण, जाहिरात, विमा आणि कायदा यांच्या ओढाताणीतून तो ठरत होता, असे या अभ्यासातून दिसून येते. तसेच अधिक शक्तीची खरी किंमत त्या आकड्यात कोठेच नोंदली गेली नाही, याकडेही लक्ष वेधले आहे.

बीजशब्द : मसल कार, अश्वशक्ती, संपीडन गुणोत्तर, साधनचिकित्सा, शिसेयुक्त पेट्रोल.

१. प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासकाला आकड्यांविषयी एक स्वाभाविक आदर असतो. बखरीतील वर्णन अतिशयोक्त असू शकते, पत्रातील मजकूर पक्षपाती असू शकतो, हे आपण विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवतो. परंतु एखाद्या तक्त्यात आकडा छापलेला दिसला की आपली चिकित्सक वृत्ती काहीशी सैल पडते. वास्तविक महसुली दप्तरातील आणेवारीचा आकडा हा जसा केवळ पिकाचा आकडा नसतो, तर सारामाफी द्यावयाची की नाही या निर्णयाचाही तो भाग असतो, तसेच औद्योगिक आकड्यांचेही आहे. आकडा कोणी मोजला, कशासाठी मोजला आणि तो छापल्याने कोणाचा लाभ झाला, हे प्रश्न विचारल्याशिवाय तो पुरावा म्हणून वापरता येत नाही.

या दृष्टीने अभ्यासण्यास मोटारीचे इंजिन हा विषय सोयीचा आहे. एक अश्वशक्ती म्हणजे मिनिटाला ३३,००० फूट-पौंड कार्य, अर्थात सुमारे ७४६ वॅट, अशी या एककाची व्याख्या निश्चित आहे. जेम्स वॅटने वाफेच्या इंजिनाची तुलना गिरणीच्या घोड्याशी करता यावी म्हणून हे परिमाण रूढ केले. म्हणजे आपल्या जन्मापासूनच हे एकक शास्त्राचे जितके, तितकेच विक्रीचेही साधन होते. व्याख्या निश्चित असतानाही प्रत्यक्ष छापलेला आकडा किती अनिश्चित असू शकतो, हे पाँटिॲक जीटीओच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) जीटीओच्या मूळ इंजिनाचे तपशील त्यांच्या संस्थात्मक पार्श्वभूमीवर समजून घेणे.
२) या इंजिनातील साध्या सुधारणांवरून कारखान्याने कोणत्या तडजोडी केल्या होत्या, हे पाहणे.
३) १९७१-७२ मधील अश्वशक्तीच्या घसरणीत यंत्राचा वाटा किती आणि मोजणीच्या पद्धतीचा वाटा किती, याचा शोध घेणे.

यासाठी कंपनीने जाहीर केलेले तांत्रिक तपशील, नियतकालिकांतील चाचण्या आणि या व्यवसायातील व्यक्तींनी नंतर दिलेल्या कबुल्या यांची परस्परांशी तुलना केली आहे. जेथे शक्य आहे तेथे आकडे गणिताने ताडून पाहिले आहेत.

३. पार्श्वभूमी : बंदी आणि पळवाट

जून १९५७ मध्ये अमेरिकेतील मोटार उत्पादकांच्या संघटनेने एक ठराव केला. सभासद कंपन्यांनी शर्यतींत भाग घेऊ नये आणि जाहिरातींत वेग व इंजिनाची शक्ती यांचा डांगोरा पिटू नये, असा त्याचा आशय होता. जनरल मोटर्स या कंपनीचा विभाग असलेल्या पाँटिॲकने मात्र शर्यतींशी असलेला संबंध पूर्णपणे तोडला नाही. वयस्क ग्राहकांची मोटार ही आपली प्रतिमा बदलून तरुणांना आकर्षित करण्यासाठी या विभागाला शर्यतीच हव्या होत्या. शेवटी जानेवारी १९६३ मध्ये जनरल मोटर्सच्या वरिष्ठ व्यवस्थापनाने आपल्या सर्व विभागांना शर्यतींपासून दूर राहण्याचा स्पष्ट आदेश दिला.

शर्यतीचे मैदान बंद झाल्यावर पाँटिॲकच्या अभियंत्यांनी आपले लक्ष रस्त्यावरील मोटारीकडे वळवले. जॉन डिलोरियन हे त्यावेळी मुख्य अभियंता होते. त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स आणि रस गी यांच्या लक्षात एक साधी गोष्ट आली. मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट मोटारीतील ३२६ घन इंचांचे इंजिन आणि मोठ्या मोटारींतील ३८९ घन इंचांचे इंजिन यांचा बाह्य आकार एकच होता. म्हणजे मोठे इंजिन लहान मोटारीत कोणतीही विशेष जुळवाजुळव न करता बसत होते. अडचण होती ती कंपनीच्या नियमाची. मध्यम आकाराच्या मोटारीत ३३० घन इंचांपेक्षा मोठे इंजिन बसवू नये, असे जनरल मोटर्सचे धोरण होते.

या नियमातून काढलेली पळवाट इतिहासकाराच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. नवी मोटार बाजारात आणायची असेल तर मुख्यालयाची मंजुरी लागे. परंतु असलेल्या मोटारीवर ग्राहकाच्या मागणीनुसार द्यावयाच्या वाढीव सुविधांना ती लागत नसे. म्हणून १९६४ च्या हंगामात जीटीओ ही स्वतंत्र मोटार म्हणून न येता टेम्पेस्ट लमाँ या मोटारीवरील सुमारे २९६ डॉलरचा वाढीव संच म्हणून आली. नावही इटलीतील फेरारी २५० जीटीओ या शर्यतीच्या मोटारीवरून घेतलेले होते. विभागाचे प्रमुख पीट एस्टेस यांनी सावधपणे पहिल्या वर्षी ५,००० मोटारींची मर्यादा घातली होती. प्रत्यक्षात ३२,४५० मोटारी विकल्या गेल्या आणि १९६६ साली ही संख्या ९६,९४६ वर पोहोचली. ज्या नियमाला बगल दिली होती, त्याचा आग्रह धरणे मुख्यालयाला यानंतर व्यवहार्य राहिले नाही.

४. मूळ इंजिनाचे तपशील

१९६४ च्या जीटीओमध्ये आठ सिलिंडरचे, 'व्ही' आकाराच्या मांडणीचे इंजिन होते. सिलिंडरचा व्यास ४.०६२५ इंच आणि दट्ट्याची धाव ३.७५ इंच होती. या दोन मापांवरून गणित केल्यास घनक्षमता ३८८.९ घन इंच, म्हणजे सुमारे ६.४ लिटर येते. छापलेला ३८९ हा आकडा येथे तंतोतंत जुळतो. सिलिंडरवरील माथे मात्र त्याहून मोठ्या, ४२१ घन इंचांच्या अधिक शक्तिशाली इंजिनाच्या धर्तीचे होते. त्यांतील मोठ्या झडपांमुळे इंजिनाला श्वास घेणे सुलभ झाले. संपीडन गुणोत्तर १०.७५ : १ इतके होते.

ग्राहकाला दोन पर्याय उपलब्ध होते. चार नळ्यांचा एक कार्टर कार्ब्युरेटर घेतल्यास ४,८०० फेऱ्यांना ३२५ अश्वशक्ती, आणि प्रत्येकी दोन नळ्यांचे तीन रॉचेस्टर कार्ब्युरेटर घेतल्यास ४,९०० फेऱ्यांना ३४८ अश्वशक्ती, असे कंपनीने जाहीर केले होते. या दुसऱ्या मांडणीला 'ट्राय-पॉवर' असे नाव होते. दोन्ही पर्यायांत कमाल टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ४२८ पौंड-फूट दिलेला आहे. फक्त तो एकात ३,२०० फेऱ्यांना तर दुसऱ्यात ३,६०० फेऱ्यांना मिळत असे.

टॉर्क आणि अश्वशक्ती या दोन आकड्यांतील संबंध समजून घेणे आवश्यक आहे. टॉर्क गुणिले फेऱ्या भागिले ५,२५२ म्हणजे अश्वशक्ती. या सूत्रानुसार ३,२०० फेऱ्यांना इंजिन सुमारे २६१ अश्वशक्ती देते. ४,८०० फेऱ्यांना ३२५ अश्वशक्ती द्यायची तर त्या वेळी टॉर्क सुमारे ३५६ पौंड-फूट असला पाहिजे. म्हणजे फेऱ्या दीडपट झाल्या तेव्हा जोर सुमारे एक-षष्ठांशाने घटला होता. कारण उघड आहे : उच्च फेऱ्यांना इंजिनाला पुरेशी हवा मिळत नव्हती. तीन कार्ब्युरेटर बसवताच अश्वशक्ती वाढली, पण कमाल टॉर्क तोच राहिला, ही गोष्ट याच निष्कर्षाला पुष्टी देते. इंजिनाची क्षमता त्याच्या घनफळात जितकी होती, तितकीच त्याला मिळणाऱ्या श्वासात होती. पुढील सर्व सुधारणांचे मूळ येथे आहे.

५. साध्या सुधारणा : तडजोडींचा शोध

मिशिगन राज्यातील रॉयल ओक येथे एस विल्सन यांची रॉयल पाँटिॲक ही विक्रीपेढी होती. पाँटिॲकच्या जाहिरातीचे काम पाहणारे जिम वँगर्स यांच्या प्रोत्साहनाने या पेढीने 'बॉबकॅट' नावाचा सुधारणासंच विकण्यास आरंभ केला. या संचातील वस्तू पाहिल्या असता त्यांत एकही मोठा सुटा भाग नाही, हे प्रथमदर्शनी लक्षात येते. जाड गॅस्केटच्या जागी पातळ गॅस्केट, कार्ब्युरेटरमधील मोठे जेट, एक छिद्र बुजवणारे गॅस्केट, वितरकातील ठिणगीची वेळ बदलणारे काही तुकडे आणि झडपांच्या यंत्रणेसाठी घट्ट बसणारे नट, एवढाच हा प्रपंच होता. तरीही तो नीट बसवल्यास ३० ते ५० अश्वशक्तीची भर पडते, असे मानले जाई.

एवढ्या किरकोळ वस्तूंनी एवढा फरक कसा पडत असे? याचे उत्तर प्रत्येक वस्तूच्या कार्यात आहे.

पातळ गॅस्केटमुळे सिलिंडरच्या माथ्याखालील जागा कमी होऊन संपीडन गुणोत्तर सुमारे ११.२ : १ वर जात असे. कारखान्याने ते १०.७५ वर ठेवले होते, कारण प्रत्येक ग्राहक सर्वांत महागडे पेट्रोल भरेलच याची खात्री नव्हती.

छिद्र बुजवणाऱ्या गॅस्केटचे कार्य अधिक बोलके आहे. इंजिनाच्या धुराची उष्णता कार्ब्युरेटरखाली खेळवण्यासाठी कारखान्याने एक मार्ग ठेवलेला असे. कडाक्याच्या हिवाळ्यात मोटार सकाळी विनासायास सुरू व्हावी, हा त्यामागचा हेतू. परंतु तापलेली हवा विरळ असते आणि विरळ हवेतून कमी शक्ती मिळते. तो मार्ग बंद केला की शक्ती वाढे आणि थंडीत मोटार कुरकुरू लागे.

मोठ्या जेटमुळे मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण वाढे. कारखान्याचे लहान जेट इंधनाच्या बचतीसाठी होते. ठिणगीची वेळ बदलून ती ३,००० फेऱ्यांच्या आतच पूर्णपणे, म्हणजे ३४ ते ३६ अंशांपर्यंत, अगोदर आणली जाई. कारखाना हे काम सावकाश करी, कारण हलक्या पेट्रोलवर अवेळी पेट घेऊन इंजिनात ठकठक होण्याचा धोका असे. राहिले ते नट. तेलाच्या दाबावर चालणारे झडपांचे उचलक इंजिन शांत चालावे म्हणून बसवलेले होते. परंतु उच्च फेऱ्यांना ते फुगून झडपा नीट मिटू देत नसत. नट घट्ट करून त्यांची हालचाल मर्यादित केली की इंजिन अधिक फेऱ्या घेऊ शके, पण त्याचा आवाज वाढे.

यावरून एक महत्त्वाचा मुद्दा स्पष्ट होतो. 'मूळ' किंवा 'स्टॉक' इंजिन म्हणजे अपुरे इंजिन नव्हे. थंडी, स्वस्त पेट्रोल, शांतता, कमी खर्च आणि दीर्घ आयुष्य या सर्वांशी अभियंत्याने केलेला तो समझोता असतो. साधी सुधारणा म्हणजे नव्या शक्तीची निर्मिती नसून त्या समझोत्यातील एकेक अट मागे घेणे होय. अट मागे घेतली की तिचा भार मालकावर पडतो. बॉबकॅट संच बसवलेल्या मोटारीला १०० पेक्षा अधिक ऑक्टेनचे पेट्रोल आवश्यक होते, हे त्याचे ठळक उदाहरण.

आणखी एका सुधारणेचा येथे उल्लेख करणे योग्य ठरेल. मागील आसाचे दंतचक्र-गुणोत्तर सामान्यतः ३.२३ असे, ग्राहक ३.९० मागवू शके. या बदलाने चाकांवर येणारा जोर सुमारे २१ टक्क्यांनी वाढतो, परंतु इंजिनाची अश्वशक्ती कणभरही बदलत नाही. मोटार उभ्या स्थितीतून झपाट्याने निघते, मात्र महामार्गावर इंजिन सतत अधिक फेऱ्यांना धावून इंधन खाते. दोन मोटारींचा वेग पाहून त्यांच्या अश्वशक्तीचे अनुमान करणे किती फसवे आहे, हे यावरून ध्यानात येते.

६. एका चाचणीची साधनचिकित्सा

'कार अँड ड्रायव्हर' या मासिकाच्या मार्च १९६४ च्या अंकात पाँटिॲक जीटीओ आणि फेरारी जीटीओ यांची तुलना प्रसिद्ध झाली. पाँटिॲकने ताशी ६० मैलांचा वेग ४.६ सेकंदांत गाठला आणि पाव मैलाचे अंतर १३.१ सेकंदांत कापले, असे त्यात नमूद होते. या लेखाने जीटीओला प्रतिष्ठा मिळवून दिली आणि पुढील कित्येक ग्रंथांत हे आकडे पुरावा म्हणून आले.

साधनचिकित्सेच्या कसोटीवर हा पुरावा टिकत नाही. प्रथम, फेरारी मोटार चाचणीसाठी उपलब्धच झाली नव्हती. तुलना कागदावरचीच होती. दुसरे, चाचणीची मोटार रॉयल पाँटिॲकने तयार केलेली होती, म्हणजे ती मूळ अवस्थेत नव्हती. तिसरी बाब सर्वांत गंभीर आहे. त्या मोटारीत ३८९ ऐवजी ४२१ घन इंचांचे इंजिन बसवलेले होते, अशी कबुली अनेक वर्षांनी स्वतः वँगर्स यांनी दिली. बाह्य आकार एकच असल्याने पाहणाऱ्याला हा फरक कळणे शक्य नव्हते. ज्या सोयीमुळे जीटीओ जन्माला आली, तीच सोय तिच्याविषयीच्या पहिल्या प्रसिद्ध पुराव्यात भेसळ करण्यास उपयोगी पडली.

येथे मासिकातील मजकूर समकालीन, प्रत्यक्षदर्शी आणि आकडेवारीसह आहे. प्राथमिक साधनाची सर्व बाह्य लक्षणे त्यात आहेत. तरीही तो दिशाभूल करतो, आणि दशकांनंतरची एका हितसंबंधी व्यक्तीची आठवण त्याहून विश्वसनीय ठरते, कारण ती तिच्या स्वतःच्या प्रतिष्ठेविरुद्ध जाते.

७. धोरणाने ठरवलेले आकडे

चाचणीतील मोटार जर फुगवलेली होती, तर छापील अश्वशक्ती पुढील काळात उलट दिशेने वाकवली गेली. १९६६ च्या हंगामात तीन कार्ब्युरेटरच्या इंजिनाला ३६० अश्वशक्ती हा आकडा होता. त्यानंतर जनरल मोटर्सने कॉर्व्हेट वगळता इतर मोटारींत एकाहून अधिक कार्ब्युरेटर बसवण्यास मनाई केली. १९६७ मध्ये इंजिन ४०० घन इंचांचे झाले आणि एकच कार्ब्युरेटर आला. तरी वरच्या प्रतीच्या इंजिनाला आकडा तोच, ३६०. त्याच वर्षी अधिक आक्रमक कॅमशाफ्ट असलेले 'राम एअर' इंजिन आले. त्यालाही ३६० हाच आकडा देण्यात आला; बदल केला तो फक्त फेऱ्यांत, ५,१०० ऐवजी ५,४००. तीन भिन्न यंत्रांची शक्ती एका अश्वशक्तीचाही फरक न पडता समान यावी, हा योगायोग मानणे कठीण आहे.

पाँटिॲकच्याच फायरबर्ड या मोटारीचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. मोटारीच्या प्रत्येक १० पौंड वजनामागे एकापेक्षा अधिक अश्वशक्ती असू नये, असा जनरल मोटर्सचा संकेत होता. फायरबर्ड जीटीओपेक्षा हलकी होती. म्हणून १९६७ मध्ये तेच ४०० घन इंचांचे इंजिन तिच्यात बसवताना आकडा ३३५ वरून ३२५ वर आणण्यात आला. त्यासाठी कार्ब्युरेटरच्या मागील झडपा पूर्ण उघडू नयेत म्हणून पोलादाची एक लहानशी पट्टी अडसर म्हणून ठेवली होती. पट्टी वाकवली वा काढली की अडसर दूर होई. मसल कारच्या इतिहासातील ही बहुधा सर्वांत सोपी सुधारणा असावी. कंपनीच्या धोरणाचे पालन आणि त्याच्या उल्लंघनाची सोय, दोन्ही त्या एका पट्टीत सामावलेली होती.

ही प्रवृत्ती एकाच विभागापुरती नव्हती. फोर्ड कंपनीने १९६८ साली ४२८ घन इंचांच्या 'कोब्रा जेट' इंजिनाला ३३५ अश्वशक्ती हा आकडा दिला, तो प्रत्यक्षापेक्षा बराच कमी असल्याचे सर्वमान्य आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस विमा कंपन्या वजनाच्या मानाने अधिक शक्ती असलेल्या मोटारींवर, विशेषतः तरुण चालकांकडून, जादा हप्ते आकारू लागल्या होत्या. शर्यतींतील वर्गवारीही जाहीर अश्वशक्तीवर अवलंबून असे. त्यामुळे १९६४ साली मोठा आकडा लाभाचा होता, तर १९६८ साली लहान आकडा.

८. १९७१-७२ : घसरण की नवे मोजमाप?

रूढ इतिहासात १९७१-७२ ही मसल कारच्या अंताची सुरुवात मानली जाते. जीटीओच्या ४०० घन इंचांच्या प्राथमिक इंजिनाचा आकडा १९७० साली ३५० होता, तो १९७२ साली २५० झाला. दोन वर्षांत १०० अश्वशक्ती नाहीशी झाली, असे वरवर पाहता वाटते.

परंतु या काळात मोजणीची पद्धतच बदलली होती. पूर्वीची 'ढोबळ' अश्वशक्ती मोजताना इंजिन उघडे डायनॅमोमीटरवर ठेवले जाई. हवा गाळण्याचे साधन, मोटारीतील धुराच्या अरुंद नळ्या, पंखा व विद्युत्-जनित्र यांसारखे शक्ती खाणारे भाग त्याला जोडलेले नसत. मोटारीत ते इंजिन कधीच तसे चालत नसे. 'निव्वळ' पद्धतीत हे सर्व भाग जोडून मोजणी होते. जनरल मोटर्सने १९७१ साली दोन्ही आकडे प्रसिद्ध केले आणि १९७२ पासून केवळ निव्वळ आकडा दिला. त्यामुळे १९७१ हे वर्ष अभ्यासकाला दोन पद्धतींमधील दुभाष्यासारखे उपयोगी पडते.

त्या वर्षी या इंजिनाची ढोबळ अश्वशक्ती ३०० आणि निव्वळ २५५ दिलेली आहे. म्हणजे १०० च्या घसरणीतील ४५ अश्वशक्ती ही निव्वळ मोजमापाच्या बदलाची आहे. संपीडन गुणोत्तर १०.२५ वरून ८.२ वर आणल्याचा परिणाम १९७० ते १९७१ या ५० च्या फरकात आहे. १९७१ ते १९७२ या वर्षातील प्रत्यक्ष घट अवघी ५ अश्वशक्ती आहे.

४५५ घन इंचांच्या इंजिनाचे आकडे याहून उद्बोधक आहेत. १९७१ साली साध्या ४५५ ला ढोबळ ३२५ आणि उच्च प्रतीच्या ४५५ एचओ ला ढोबळ ३३५ अश्वशक्ती जाहीर झाली होती. फरक केवळ १० चा. निव्वळ आकडे मात्र अनुक्रमे सुमारे २६० आणि ३१० होते. फरक ५० चा. मोजण्याच्या एका पद्धतीत जवळजवळ सारखी असलेली दोन इंजिने दुसऱ्या पद्धतीत एवढी दूर जाऊ शकत नाहीत. उच्च प्रतीच्या इंजिनाचा ढोबळ आकडा हेतुतः दाबलेला होता, हाच याचा सरळ अर्थ. नव्या पद्धतीने शक्ती कमी झाली नाही. जुन्या आकड्यांवरील आवरण दूर झाले.

९. आकड्यात न आलेली किंमत

तरीही १९७१ मधील संपीडन गुणोत्तराची घट खरी होती, आणि तिचे कारण समजून घेतल्याशिवाय हा इतिहास अपुरा राहील. उच्च संपीडनासाठी उच्च ऑक्टेनचे पेट्रोल लागे आणि ते ऑक्टेन प्रामुख्याने टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगामुळे मिळे. जनरल मोटर्सच्याच प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांनी १९२१ साली या संयुगाचा ठकठक थांबवण्याचा गुण शोधला होता. १९६५ साली भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी आधुनिक माणसाच्या शरीरातील शिशाचे प्रमाण नैसर्गिक पातळीपेक्षा फार वाढले असल्याचे दाखवून दिले. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा होणारा अपाय आज निर्विवाद मानला जातो.

१९७० च्या अखेरीस अमेरिकेत हवेच्या शुद्धतेचा कायदा कठोर करण्यात आला. त्यासाठी लागणारे धूरशुद्धीकरणाचे उत्प्रेरक साधन शिशामुळे निकामी होते. हे ओळखून जनरल मोटर्सचे अध्यक्ष एडवर्ड कोल यांनी त्याआधीच १९७१ पासूनची इंजिने शिसेविरहित, कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालतील अशी करण्याचा निर्णय घेतला. ऑक्टोबर १९७३ मधील तेलबंदी आणि त्यानंतरची ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा यांनी उरलेले काम केले. १९७४ ची जीटीओ ३५० घन इंचांची, २०० निव्वळ अश्वशक्तीची आणि एका लहान मोटारीवर आधारलेली होती. ७,०५८ मोटारी विकून हे नाव त्या वर्षी थांबले.

अमेरिकेत रस्त्यावरील मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल १९९६ साली पूर्ण बंद झाले. भारतात ते २००० साली बंद झाले, आणि जगातील अखेरचा देश अल्जीरिया येथे २०२१ साली. म्हणजे जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेतून निघालेल्या संयुगाचा धूर आपल्या शहरांतील रस्त्यांवरही विसावे शतक संपेपर्यंत होता. बॉबकॅट संचाच्या पातळ गॅस्केटने जी अट मागे घेतली, तिचा भार केवळ मोटारीच्या मालकावर पडला नव्हता. तो रस्त्याकडेला राहणाऱ्या, मोटार नसलेल्या माणसावर आणि त्याच्या मुलांवरही पडला. कोणत्याही तपशीलपत्रकात त्यासाठी रकाना नव्हता.

१०. निष्कर्ष

१) जीटीओच्या इंजिनाची भौमितिक मापे, म्हणजे व्यास, धाव व घनक्षमता, विश्वसनीय आहेत, ती गणिताने पडताळता येतात. अश्वशक्तीचा आकडा मात्र त्या अर्थाने मोजमाप नसून संस्थेने केलेले विधान आहे.

२) साध्या सुधारणांचा अभ्यास हा केवळ हौशी कारागिरांचा विषय नाही. कारखान्याने कोणत्या तडजोडी केल्या आणि कोणाच्या सोयीसाठी केल्या, हे त्यांतून उलगडते. लिखित साधने जेथे मौन पाळतात तेथे वस्तूच साधन ठरते.

३) १९७०-७२ मधील प्राथमिक इंजिनाच्या १०० अश्वशक्तीच्या घसरणीपैकी जवळजवळ निम्मी घसरण मोजणीच्या पद्धतीची होती. 'सुवर्णयुग आणि अस्त' ही मांडणी त्या प्रमाणात सुधारून घ्यावी लागेल.

४) उरलेली घट ही केवळ हानी नव्हती. शिशापासून सुटकेसाठी दिलेली ती किंमत होती, आणि आजच्या ज्ञानाच्या प्रकाशात ती अल्प म्हणावी लागेल.

वर्गात आकड्यांचा तक्ता फळ्यावर लिहिताना त्याखाली मोजणाऱ्याचे नाव आणि मोजण्याची रीत लिहिण्याची सवय आपण अध्यापकांनी लावून घेतली, तर या लहानशा अभ्यासाचे सार्थक होईल.